फरक सांगा : चिंकारा आणि झाडावरचा कोळी

बालमित्रांनो, परिसर अभ्यासाच्या पेपरात एक प्रश्न हमखास असतो. 'फरक सांगा.' पानाच्या मधोमध उभी रेघ मारायची, डावीकडे एक नाव लिहायचं, उजवीकडे दुसरं, आणि खाली एक, दोन, तीन असे मुद्दे लिहीत जायचं. झाड आणि वेल. नदी आणि ओढा. गाय आणि म्हैस. हे सगळं तुमचं तोंडपाठ असतं. म्हणून या आठवड्यात मी तुम्हांला अशी जोडी देणार आहे, जी कुठल्याच गाइडमध्ये सापडायची नाही.

डावीकडे लिहा, चिंकारा. उजवीकडे लिहा, टॅरेंटुला कोळी.

"बाई, हे काय हो? हरीण कुठे आणि कोळी कुठे!" असंच म्हणालात ना? आमच्या चिकलठाण्याच्या चौथीतली लेकरंही असंच म्हणाली. पण जरा धीर धरा. रेघ मारा, पेन्सिलीला टोक करा आणि माझ्याबरोबर चला.

आधी ओळख

चिंकाऱ्याला आपण बोलताना हरीण म्हणतो, पण शास्त्रज्ञ त्याला 'कुरंग' म्हणतात. चितळ, सांबर ही खरी हरणं. त्यांच्या नरांच्या शिंगांना फांद्या असतात, ती दरवर्षी गळून पडतात आणि नवी फुटतात. कुरंगाची शिंगं गळत नाहीत. एकदा आली की जन्मभराची सोबत! आपल्या महाराष्ट्रात चार कुरंग आहेत : नीलगाय, काळवीट, चौसिंगा आणि चिंकारा.

चिंकारा अगदी नाजूक. खांद्यापाशी उंची साधारण ६५ सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या वर्गातल्या बाकाएवढी. वजन वीस-बावीस किलो, म्हणजे दुसरी-तिसरीतल्या मुलाएवढं. पाठ तांबूस, पोट पांढरं, डोळ्यापासून नाकाकडे उतरणारी गडद रेघ आणि सारखी हलणारी काळी शेपटी. नराची शिंगं लांब आणि त्यांवर कड्या कड्या. मादीलाही शिंगं असतात, पण बारीक आणि आखूड. या प्राण्याचं शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा लिहिलं गेलं ते १८३१ साली, आणि तेही आपल्या दख्खनच्या खडकाळ टेकड्यांवरच्या चिंकाऱ्यावरून! लिहिणारे होते कर्नल साइक्स नावाचे इंग्रज लष्करी अधिकारी.

आता उजवीकडचे पाहुणे. टॅरेंटुला म्हणजे मोठ्या, केसाळ कोळ्यांचं कुटुंब. त्यातला एक आपण निवडू या : पोसिलोथेरिया रेगॅलिस. नाव ऐकून घाबरू नका, फोड करू. 'पोसिलोथेरिया' म्हणजे ठिपकेदार श्वापद आणि 'रेगॅलिस' म्हणजे राजाला शोभेल असा. आहे की नाही थाट? हा आपल्या भारताचाच रहिवासी. महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र, तमिळनाडू इथल्या जंगलांत जुन्या झाडांच्या ढोलीत राहतो. धड सहा-सात सेंटिमीटरचं, पण पाय पसरले की तुमच्या वहीचं पान जवळपास भरून जाईल. अंगावर करडी, पांढरी, काळी नक्षी असते, अगदी झाडाच्या सालीसारखी.

आणि 'टॅरेंटुला' हा शब्द आला कुठून? इटलीत टारंटो नावाचं शहर आहे. तिथले लोक पूर्वी म्हणायचे, अमुक एक कोळी चावला की माणसाने नाचत राहायचं, तरच विष उतरतं! गंमत अशी की तो कोळी या केसाळ कुटुंबातला नव्हताच. नाव एकाचं, चिकटलं दुसऱ्याला.

झाली ओळख. आता मुद्दे.

मुद्दा पहिला : हाडं कुठे आहेत?

चिंकाऱ्याची हाडं आत, मांस आणि कातडी बाहेर. तुमचं-माझंही तसंच. कोळ्याचं उलटं. त्याला आत हाडच नाही. त्याचं कवच बाहेर आणि मऊ भाग आत. जणू जन्मभर चिलखत घालून फिरणारा मावळा!

पण चिलखत वाढत नाही. आत अंग वाढलं की ते घट्ट होतं. जूनमध्ये शिवलेला गणवेश फेब्रुवारीत कसा तोकडा होतो, तसंच. मग कोळी काय करतो? कात टाकतो. टॅरेंटुला त्यासाठी चक्क पाठीवर उताणा पडतो. बघणाऱ्याला वाटतं, मेला. पण काही तासांनी तो जुन्या कवचातून एकेक पाय अलगद ओढून बाहेर येतो. मागे राहतं आठ पायांचं रिकामं चिलखत. नवं कवच सुरुवातीला मऊ असतं. ते वाळून टणक होईपर्यंत तो कुणाशी भांडत नाही की शिकार करत नाही. एखादा पाय तुटला असेल, तर पुढच्या काती टाकताना तोही हळूहळू परत येतो.

चिंकाऱ्याचा पाय मोडला तर मात्र दुसरा येत नाही. आतल्या हाडांचा फायदा वेगळा. ती अंगाबरोबर मुकाट्याने वाढतात, कपडे बदलण्याची कटकट नाही.

मुद्दा दुसरा : पाय कसे चालतात?

चिंकारा चार पायांवर, आणि खरं सांगायचं तर नखांवर चालतो. खूर म्हणजे दुसरं काय? प्रत्येक पायाच्या दोन बोटांची जाड नखं. पायाच्या खालच्या भागात मांस कमी, लांब हाडं आणि ताणले जाणारे स्नायुबंध जास्त. म्हणून पाय हलका, आणि उडी स्प्रिंगसारखी.

कोळ्याला पाय आठ. आता नीट ऐका. पाय दुमडायला त्याच्याकडे स्नायू आहेत, पण पायाचे दोन महत्त्वाचे सांधे सरळ करायला स्नायूच नाहीत! मग तो पाय ताठ कसा करतो? अंगातलं रक्त दाबाने पायात ढकलतो. रक्त आत शिरलं की पाय सरळ.

हे तुम्ही रोज पाहता बरं का. जेसीबीचा लोखंडी हात कसा उचलला जातो? नळीतून दाबाने जाणाऱ्या तेलामुळे. आमच्या चिकलठाण्याच्या विमानतळावर विमान उतरायला आलं की पोटातून चाकं बाहेर येतात, तीही अशाच दाबाच्या यंत्रणेवर. माणसाने हे यंत्र अलीकडे बनवलं. कोळी ते कोट्यवधी वर्षं वापरतो आहे.

म्हणूनच मेलेल्या कोळ्याचे पाय नेहमी आत मुडपलेले दिसतात. दाब संपला की पाय मिटले. आता घरात मेलेला कोळी दिसला, तर हे आठवून बघा.

मुद्दा तिसरा : श्वास आणि रक्त

चिंकाऱ्याला आपल्यासारखी दोन फुप्फुसं. रक्त लाल, कारण त्यात लोह. कोळ्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या पदार्थात तांबं असतं, म्हणून ते निळसर दिसतं.

आणि कोळ्याचं फुप्फुस कसं असतं ठाऊक आहे? पुस्तकासारखं! पातळ पातळ पापुद्रे एकावर एक, मध्ये हवा खेळायला जागा. शास्त्रज्ञ त्याला 'पुस्तक-फुप्फुस'च म्हणतात. टॅरेंटुलाला अशी चार असतात. परीक्षेच्या आधी पुस्तक पोटात गेलं पाहिजे असं घरी म्हणतात ना, तर याच्या पोटात चार आहेत.

मुद्दा चौथा : जेवण

चिंकारा गवत, कोवळा पाला, बोरासारखी फळं खातो. भराभर गिळायचं आणि मग सावलीत बसून तोंडात परत आणून चावायचं. रवंथ. पोटाचे कप्पे चार. खाणं एकदा आणि चावणं दोनदा.

कोळी शिकारी. झुरळं, पतंग, टोळ, कधी एखादी लहानशी पालही. तो जाळं विणून त्यात वाट बघत बसत नाही. रेशमाचे धागे काढतो ते ढोलीला अस्तर लावायला आणि अंडी गुंडाळायला. शिकार टप्प्यात आली की झडप! मग तिच्यावर पाचक रस सोडतो आणि झालेला रस्सा शोषून घेतो. चिंकारा अन्न आत नेऊन पुन्हा बाहेर काढतो, आणि कोळी बाहेरच पचवून आत घेतो. दोघांपैकी कुणालाही आपल्या पंगतीत बसवता यायचं नाही!

मुद्दा पाचवा : धोका कसा कळतो?

चिंकाऱ्याचे डोळे मोठे आणि डोक्याच्या दोन बाजूंना. मान न वळवता त्याला आजूबाजूचं बरंचसं दिसतं. कान सतत फिरते. कोळ्याला डोळे आठ, पण नजर यथातथाच. त्याचे खरे कान-डोळे म्हणजे पायांवरचे केस. झाडाच्या सालीवर झुरळ चाललं तरी ती थरथर त्याला पायांतून कळते.

झाले पाच मुद्दे, पाच गुण. पण बाकावरून उठू नका.

कोळी हरणाएवढा झाला तर?

हा प्रश्न आमच्या वर्गात मागच्या बाकावरून आला. सिनेमात असतो ना तसा राक्षसी कोळी! सगळे खूश. मग मी ठोकळ्यांची पेटी काढली. तुमच्या घरीही सारखे ठोकळे असतील तर घ्या.

एक ठोकळा ठेवा. आता त्याच्या दुप्पट लांब, दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच असा मोठा ठोकळा रचा. किती लागले? आठ. लांबी दुप्पट झाली, पण वजन आठपट! आता खाली टेकलेले ठोकळे मोजा. फक्त चार. म्हणजे ओझं आठपट, पण ते पेलणारी जागा चौपटच.

कोळी दहापट लांब झाला तर वजन होईल हजारपट, आणि त्याच्या पायांची जाडी, म्हणजे कापलेल्या काकडीची चकती दिसते ना तेवढं क्षेत्रफळ, होईल फक्त शंभरपट. पायाच्या तेवढ्याच भागावर दहापट ओझं. आज पाठीवर एक दप्तर आहे, उद्या दहा! शिवाय कात टाकल्यावर कवच मऊ असतं. एवढं मोठं धूड तेव्हा कणकेच्या गोळ्यासारखं बसेल. म्हणून सिनेमातला कोळी सिनेमातच.

उलटही करून बघा. चिंकारा कोळ्याएवढा झाला तर? तो आपल्यासारखा गरम रक्ताचा. लहान शरीर भराभर थंड होतं. ऊब टिकवायला त्याला सारखं खात राहावं लागेल, चिचुंद्रीसारखं. कोळ्याला ती चिंता नाही, तो कित्येक आठवडे उपाशी राहू शकतो.

हे गणित सोपं करून सांगणारा एक सुंदर लेख जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञाने १९२६ साली लिहिला. त्यात त्यांनी चिंकाऱ्याच्याच जातकुळीतल्या कुरंगाचं उदाहरण घेतलं. हे बारीक पायांचं जनावर मोठं करायचं, तर त्याला गेंड्यासारखे आखूड जाड पाय द्या किंवा जिराफासारखी ठेवण द्या, नाहीतर हाडं मोडतील. हेच हाल्डेन १९५७ साली भारतात राहायला आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.

म्हणजे बघा, चिंकारा चिंकाऱ्याएवढाच का आणि कोळी कोळ्याएवढाच का, याला कारण आहे. ज्याचं माप त्याला बरोबर बसलेलं आहे.

आता साम्य सांगा

पेपरात फरक विचारतात म्हणून आपण फरक शोधतो. साम्य कुणी विचारत नाही, म्हणून ते दिसतही नाही. पान उलटा आणि नवं शीर्षक लिहा : 'साम्य सांगा'.

पहिलं, पाणी. मराठवाड्यातल्या मुलांना पाण्याची गोष्ट वेगळी सांगायला नको. चिंकारा बरेच दिवस पाणवठ्यावर न जाता राहू शकतो. पाल्यातलं, फळांतलं पाणी आणि पानांवरचं दव त्याला पुरतं. भर दुपारी तो सावलीत बसतो, चरतो सकाळ-संध्याकाळी. कोळीही दिवसा ढोलीत आणि रात्री बाहेर. त्याच्या कवचावर मेणाचा पातळ थर असतो, त्याने ओल टिकते. त्याला तर पाणी फारच जपावं लागतं. अंगातलं पाणी घटलं की दाब घटतो, आणि मग पायच सरळ होत नाहीत. दोघांनीही दुष्काळी गावातल्या शहाण्या माणसासारखी पाण्याची काटकसर शिकून घेतली आहे.

दुसरं, लपणं. चिंकाऱ्याचा रंग वाळल्या गवताचा, कोळ्याचा रंग सालीचा. समोर असून दिसत नाहीत.

तिसरं, आधी इशारा. धोका वाटला की चिंकारा पुढचा पाय जमिनीवर आपटतो आणि नाकातून शिंकल्यासारखा आवाज काढतो. कोळी पुढचे पाय वर उचलतो. त्या पायांची खालची बाजू पिवळीधमक असते, सालीच्या रंगातून एकदम पिवळा झेंडा! दोघांचं म्हणणं एकच : मला दिसतंय, पुढे येऊ नका.

चौथं, लेकरं. चिंकाऱ्याची मादी बहुधा एकाच पाडसाला जन्म देते आणि त्याला गवतात लपवून चरायला जाते. कोळ्याची मादी रेशमाच्या पिशवीत अंडी घालते, कधी शंभरावर, आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत पिशवी सांभाळते. पिल्लं काही काळ आईच्या ढोलीतच एकत्र राहतात. एकीचं एक, दुसरीची शंभर, पण राखण दोघींची सारखीच.

आणि पाचवं साम्य जरा जड आहे. दोघांचंही घर आपण रिकामं समजतो.

चिंकाऱ्याचं घर म्हणजे माळरान. खुरटं गवत, बोरी-बाभळी, दगडधोंडे. आपण त्याला काय म्हणतो? पडीक जमीन. 'तिथे काहीच नाही' म्हणतो आणि मग तिथे रस्ता, कुंपण, कारखाना, प्लॉट येतात. ज्याच्या घराला 'काहीच नाही' म्हणतात, त्याने कुठे जायचं? रस्त्यावर गाडी, गावाकडे आलं की कुत्री. कोळ्याचं घर म्हणजे जुन्या झाडाची ढोली. आपण म्हणतो, 'झाड पोकळ झालंय, कामाचं नाही, तोडा.' ते पोकळ होतं म्हणूनच तर कुणाच्या तरी कामाचं होतं!

एकच वाचवायचा असेल तर?

वर्गात मी विचारलं, "या दोघांपैकी एकालाच वाचवता आलं, तर कुणाला वाचवाल?" सगळे हात चिंकाऱ्यासाठी वर. कोळ्यासाठी एकच हात, खिडकीजवळच्या एका मुलीचा. बाकीचे हसले. मी तिला कारण विचारलं. ती म्हणाली, "त्याला कुणीच मागत नाही ना, म्हणून."

वर्ग गप्प झाला. मलाही क्षणभर पुढे काय बोलावं कळेना. मग आम्ही फळ्यावर लिहिलं : जो आवडतो तोच जगावा का? चिंकाऱ्याचे डोळे सुंदर आहेत, पण ते त्याने आपल्यासाठी सुंदर केलेले नाहीत. कोळ्याचे केस आपल्याला किळसवाणे वाटतात, पण ते त्याचे कान आहेत. आपल्याला काय वाटतं हा आपला प्रश्न झाला. त्याची शिक्षा त्याला कशाला?

असा भेद न करणारा एक माणूस मी तुम्हांला सांगते. रेजिनाल्ड पोकॉक. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ते कोळ्यांचा अभ्यास करायचे. आपल्या राजेशाही कोळ्याला 'रेगॅलिस' हे नाव त्यांनीच १८९९ साली दिलं. पुढे १९०४ ते १९२३ ते लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचे अधीक्षक होते, आणि उरलेलं आयुष्य सस्तन प्राण्यांच्या अभ्यासात घालवलं. भारतातल्या कोळ्यांवर पुस्तक त्यांचं, आणि वानरं, वाघ, बिबटे यांच्यावरही पुस्तक त्यांचंच. ज्या बारकाईने कोळ्याचा पाय पाहिला, त्याच बारकाईने वाघाचा पंजा.

त्याच १८९९ साली पोकॉक यांनी आणखी एका कोळ्याचं वर्णन केलं, धातूसारख्या चमकदार निळ्या रंगाच्या. आंध्रातल्या गुत्ती इथे रेल्वेच्या लाकडांच्या वखारीत तो सापडला होता. एकच नमुना! त्यानंतर सुमारे शंभर वर्षं तो कुठल्याच शास्त्रज्ञाला दिसला नाही. २००१ च्या सुमारास नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधल्या जंगलात तो पुन्हा सापडला. मधली शंभर वर्षं तो तिथेच ढोलीत राहत होता. आणि सापडल्यावर संकट कोणतं? तो सुंदर निळा आहे म्हणून परदेशांत हौसेने पाळायला त्याला मागणी! म्हणजे कुरूप म्हणून मारणारे आहेत, तसे सुंदर म्हणून डबीत भरणारेही आहेत. चिंकाऱ्याचीही शिकार शिंगांसाठी आणि मांसासाठी होत आली आहे.

म्हणून दोघांसाठीही नियम करावे लागले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे त्याला सर्वांत कडक संरक्षण. आणि २०१९ साली पोसिलोथेरिया कुळातले सगळे कोळी वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आले. परवान्याशिवाय त्यांचा परदेश व्यापार करता येत नाही.

कायद्याबरोबर जागाही लागते. बारामती तालुक्यात सुपे इथे मयूरेश्वर अभयारण्य आहे. आकार जेमतेम पाच चौरस किलोमीटर, पण चिंकाऱ्यांसाठी प्रसिद्ध. आपल्या जिल्ह्यात कन्नडजवळ गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे. ते १९८६ साली जाहीर झालं. तिथेही चिंकारा आहे. सहलीला गेलात तर गाडीतून गाणी बंद ठेवा. कान फिरते असणाऱ्यांच्या घरी जातो आहोत आपण.

करून बघा

दोन बिनसुईच्या नव्या सिरिंज आणि त्यांना जोडणारी एक नळी आणा. पाणी भरा. एकीचा दट्ट्या दाबा, दुसरीचा आपोआप बाहेर येतो. हाच तो कोळ्याचा पाय! पाणी थोडं कमी करून, हवा आत ठेवून पुन्हा दाबा. काय फरक पडतो ते वहीत लिहा.

आणि घरातल्यांना हे कोडं घाला :

आठ डोळे, आठ पाय, कपडे बदलतो वर्षाला;
चार पुस्तकं पोटात, पण जात नाही शाळेला!

आई-बाबांसाठी चार ओळी

घरात भिंतीवर दिसणारा मोठा चपटा कोळी टॅरेंटुला नसतो. तो झुरळं खातो. पोटाखाली पांढरी चकती घेऊन फिरत असेल, तर ती अंड्यांची पिशवी आहे. चपलेऐवजी एक डबा आणि एक पुठ्ठा घ्या. डबा वरून झाकायचा, पुठ्ठा खालून सरकवायचा आणि बाहेर नेऊन सोडायचा. रानातल्या टॅरेंटुलाला मात्र मुलांनी कधीही हात लावू नये. पोसिलोथेरिया चावला तर खूप दुखतं आणि स्नायूंत पेटकेही येतात. तसं झालं तर झाडपाला, मंत्र-तंत्र न करता सरळ दवाखाना गाठावा.

माळावर एकटं पाडस बसलेलं दिसलं, तर 'बिचारं चुकलं' म्हणून उचलून आणू नका. त्याची आई जवळपास चरत असते. ते जखमी असेल किंवा कुत्री मागे लागली असतील, तर वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करा. मुलांनो, हा आकडा लक्षात ठेवायला सोपा आहे. हाल्डेन यांनी लेख लिहिला ते सालही तेच!

आता तुमचं काम. आपापल्या गावातली एक 'पडीक' जागा निवडा आणि रविवारी मोठ्या माणसाबरोबर तिथे अर्धा तास शांत बसा. काहीही उचलायचं नाही, दगड उलटायचे नाहीत. फक्त बघायचं, ऐकायचं आणि कोण कोण राहतं त्याची यादी करायची. यादीत एक आवडता प्राणी आणि एक नावडता हवाच. दोघांमधले पाच फरक लिहा आणि पाच साम्यं.

फरक पटकन सुचतील. साम्यांना वेळ लागेल, पण तो द्या. यादी मला पाठवायला विसरू नका. पुढच्या आठवड्यात भेटू!